‘स्मृतिचित्रां’तले पाणी

गेल्या ज्येष्ठात, पेरणी उरकून आभाळाकडे पाहत बसण्याचे दिवस होते तेव्हा, माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास साखऱ्याला आला. शाळेत असताना मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा मुलगा. आता तिशी ओलांडलेला, पुण्याकडे एका कारखान्यात कामाला. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्याने हळूच सांगितले की तो, त्याची बायको आणि गावी राहणारी आई गेली सहा-सात वर्षे येशूची प्रार्थना करतात. रविवारी जमतात, भजने म्हणतात. त्यांतल्या काही भजनांखाली ना. वा. टिळक असे नाव असते. हे नाव त्याने शाळेत ऐकले होते.

“तुम्ही आम्हाला त्यांच्या बायकोचा धडा शिकवला होता नं, सर?”

“शिकविला होता.”

“मंग तुम्हाला माहीत असंल. पाणी घेतलं की दाखला जातो. अन् नाही घेतलं तर तारण जातं का?”

बाप्तिस्म्याला तो ‘पाणी घेणे’ म्हणत होता; आणि दाखला म्हणजे जातीचा दाखला, हे आमच्या भागात कोणास समजावून सांगावे लागत नाही. त्याला लहान भाऊ आहे, भरतीच्या परीक्षा देणारा. त्याच्या प्रश्नाचे पहिले वाक्य संपूर्ण खरे होते. दुसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही. ‘स्मृतिचित्रे’मधला उतारा मी शाळेत कितीतरी वेळा शिकविला असेन. लेखिकेचा परिचय, कठीण शब्दांचे अर्थ, विनोदाची दोन उदाहरणे. आणि टिळक ख्रिस्ती झाले एवढे एक वाक्य. झाले म्हणजे नेमके केव्हा झाले, कशाने झाले, हे मी मुलांना कधी विचारले नाही आणि स्वतःलाही नाही.

मी मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही आणि ख्रिस्तीही नाही. धर्मशास्त्रात बोलण्याचा मला अधिकार नाही. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे माणूस काय मानतो हे त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तो कोणाच्या पंक्तीला जेवतो हे पाहण्याची खोड मात्र जडली आहे. त्या खोडीनेच मी या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांचे पुस्तक पुन्हा वाचले, आणि आपण सर्वांनी ते काहीसे चुकीचे वाचले आहे असे मला वाटू लागले. ते येथे मांडतो.

प्रथम शास्त्राचे थोडक्यात. (‘तारण’ हा शब्द आमच्या गावी बँकेच्या कर्जाच्या कागदावर भेटतो, आणि तेथेही काहीतरी गहाण टाकल्याशिवाय ते होत नाही. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांना हा दुसरा अर्थ ठाऊक होता की नाही कोण जाणे. पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात दोन्ही अर्थ एकत्र आले होते.) बाप्तिस्मा आवश्यक म्हणणारे योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवतात. पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे येशू तेथे रात्री चोरून भेटावयास आलेल्या निकदेमाला सांगतो. मार्काच्या शेवटच्या अध्यायात विश्वास आणि बाप्तिस्मा यांची जोडी तारणाला लावलेली आहे. पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात दंड सांगितला आहे तो केवळ विश्वास न ठेवणाऱ्याला. पाण्याचा तेथे उल्लेख नाही. शिवाय मार्काचा हा शेवट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, असे विद्वान सांगतात. लूकाच्या शुभवर्तमानात शेजारच्या क्रूसावरचा अपराधी आहे. त्याला कोणी पाणी दिले? त्याला तर त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी मागाहून येते. पेत्राला फक्त आलेल्या आत्म्याची पोच द्यावी लागते.

चर्चनेही हा दरवाजा कधी पूर्ण लावून घेतलेला नाही. रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ मध्ये बाप्तिस्म्यावाचून मेला, तेव्हा त्याच्या अंत्यसमयीच्या भाषणात संत अँब्रोजने त्याची इच्छा होती हेच पुरेसे मानले. त्यानंतरच्या पिढीत संत ऑगस्टीनने बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या तान्ह्या मुलांनाही दंडातून सोडले नाही; ते कठोर मत पुढे शतकानुशतके आयांच्या उरावर बसले. ट्रेंटच्या धर्मसभेने सोळाव्या शतकात ‘पाणी किंवा पाण्याची इच्छा’ अशी वाट ठेवली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या सच्च्या माणसासाठी तारणाची शक्यता मान्य केली. आणि २००७ मध्ये रोमच्याच धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाने त्या तान्ह्या मुलांबद्दल आशा बाळगण्यास आधार आहे असे म्हटले. सोळाशे वर्षे थांबलेल्या आयांना एवढे उत्तर मिळाले! मुक्तिफौजेने तर १८८३ पासून बाप्तिस्मा देणेच सोडले. हीच मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईला उतरली आणि पुढे नगर जिल्ह्यात रुजली. तेव्हा पाण्यावाचूनचे ख्रिस्ती ही आपल्या मराठी मुलखाला अपरिचित गोष्ट नाही.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला ‘नाही, तारण जात नाही’ असे एका वाक्यात सांगता आले असते. पण त्याने मला पुस्तकाचा मास्तर म्हणून विचारले होते, आणि पुस्तकातला माणूस एवढ्यावर सुटत नाही.

नारायण वामन टिळकांनी दोन गोष्टी केल्या, आणि त्या एकमेकींशी भांडतात. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते हलले. मग १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली जवळजवळ दोन वर्षे त्यांना मनाने ख्रिस्ताचे राहून घराने हिंदू राहता आले असते; तशी माणसे त्या काळी थोडी नव्हती. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांनी स्वीडनबोर्गच्या ख्रिस्ती विचारांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८७८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. दादोबा अखेरपर्यंत आपल्या जातीत राहिले. टिळकांना तसे राहणे पटले नाही. त्यांनी उघड पाणी घेतले आणि त्याची किंमत त्यांच्या बायकोने भरली. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे नातलगांच्या दारी राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या.

आणि ज्या गोष्टीपायी हे सर्व झाले, तीच गोष्ट बावीस वर्षांनी याच माणसाने ऐच्छिक करून टाकली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दरबार म्हणजे ख्रिस्तशिष्यांचे कुटुंब, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण प्रश्न उरला. पाणी इतके गैरलागू होते, तर १८९५ साली एका बाईचा संसार कशासाठी मोडला?

टिळकांचे चाहते यावर म्हणतात, तो विकास होता. टीकाकार म्हणतात, राष्ट्रीय वाऱ्याची लहर होती. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. खरे उत्तर टिळकांच्या कोणत्याही लेखात नाही. ते त्यांच्या बायकोच्या पुस्तकात आहे; आणि तिने ते उत्तर म्हणून लिहिलेले नसल्यामुळे आपल्या नजरेतून निसटले.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने भागाभागांनी आले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या. तेव्हापासून आपल्या समीक्षेने या बाईला विनोदाच्या खात्यावर टाकले आहे. भोळी, प्रांजळ, घरगुती, मिस्कील. प्रत्येक प्रस्तावनेत ही विशेषणे एकामागून एक येतात, आणि मीही ती फळ्यावर लिहून दिली आहेत. भोळ्या माणसाच्या पुस्तकात विचार शोधावयाचा नसतो, असा एक समज त्यामागे आहे. टिळक विचार करीत आणि लक्ष्मीबाई स्वयंपाक करीत, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ती वाटणी या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण मोडून काढते.

हे पुस्तक धुण्यापासून सुरू होते. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, अशी ती हकीकत आहे. घरात येईल ती वस्तू धुऊन घ्यावयाची. धान्य तर धुवावयाचेच. पण मीठही, साखरही! आपण हे वाचून हसतो. मुलेही हसतात, या ठिकाणी वर्ग हमखास हसतो. पण मिठाचे पाणी होऊन चाललेले पाहत ज्या घरच्या बायकांनी स्वयंपाक केला असेल, त्यांना ते हसू फार उशिरा आले असणार. पाण्याकडे माणूस काय मागतो, आणि ते मागता मागता हातचे काय वाहून जाते, याचे शिक्षण या मुलीला असे बालपणीच मिळाले. बाप्तिस्म्यावर शेकडो पाने लिहिणाऱ्या कोणा पंडिताला हे शिक्षण मिळालेले नव्हते.

मग ताटातुटीची वर्षे. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांजवळ परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा तो संसार पुन्हा सुरू झाला. नवऱ्यावर प्रेम होते, त्याच्या देवाशी भांडण नव्हते. मध्ये होती ती पाण्याची घागर आणि चूल. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे धर्मांतराचा प्रश्न देव्हाऱ्यातून निघून स्वयंपाकघरात येतो. खरे तर तो नेहमी तेथेच असतो.

आणि मग ती जागा येते, जिच्यासाठी हा सारा लेख. लक्ष्मीबाई एकट्या बसून विचार करीत आहेत. जाती कोणी केल्या? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या शरीरांत काही खूण दिसली असती. जन्म सारखा, मरण सारखे. मग हे माणसांचेच काम. येथपर्यंतचा विचार त्या काळी अनेक सुधारकांनी केला होता आणि व्याख्यानांत मांडलाही होता. लक्ष्मीबाई त्यापुढचे पाऊल टाकतात: तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. व्याख्यान नाही, ठराव नाही. ज्या बाईच्या घरी मीठ धुतले जात होते ती कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास तयार होते. लेखिकेने या प्रसंगाला जे वजन दिले आहे ते तिने स्वतःच्या बाप्तिस्म्याला दिलेले नाही. बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण वाचकाच्या मनात या पुस्तकातले धर्मांतर म्हणून जे राहते ते त्याआधीच होऊन गेलेले असते. बाप्तिस्मा कर्नेल्याच्या घरच्या पाण्यासारखा मागाहून पोच देण्यास येतो.

याला मी पुस्तकाची रचना म्हणेन, मग ती जाणूनबुजून केलेली असो वा नसो. धुण्याचे पाणी आरंभी, पिण्याचे पाणी मध्यावर, आणि डोक्यावर पडणारे पाणी त्याच्या मागे. पंडिता रमाबाईंच्या जीवनाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला; परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, तो त्यानंतर काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले आहे. रमाबाईंच्या बाबतीत पाणी आधी, लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मागाहून. दोघींचाही कौल एकच पडतो की ते नुसते पाणी नव्हते आणि ते पाण्यात नव्हते.

येथे कोणी म्हणेल, एका ब्राह्मण बाईच्या सोवळ्याला तुम्ही धर्मशास्त्राच्या पंक्तीला बसविता. होय, बसवितो, कारण आपल्या समाजाने बाप्तिस्म्याचा अर्थ तेथेच लावला होता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला, तरी जातीत घ्यावा की नाही यावर मुंबई-पुण्याच्या शास्त्र्यांत रण माजले, आणि त्याला घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना निंदा सोसावी लागली. डोक्यावर पाणी पडलेच नव्हते. मग वाद कशाचा? त्याने मिशनरीच्या घरी अन्न घेतले होते याचा. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मंडळी जमली, चहाबिस्किटे पुढे आली, आणि एका पेल्यापायी रानडे आणि लोकमान्य यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, प्रायश्चित्ताची पाळी आली. तेथे कोणी ख्रिस्ताचे नाव घेतले नव्हते. नाव घेऊन घरी गेले असते तर कोणी विचारलेही नसते! देव कोणता मानता यावर महाराष्ट्राने कधी कोणाला वाळीत टाकलेले मला ठाऊक नाही. पेला कोणाचा, हा आपला शास्त्रार्थ.

हे लक्षात घेतले म्हणजे टिळकांची दोन कृत्ये भांडावयाची थांबतात. १८९५ साली पाणी घेणे म्हणजे देवाच्या दारचे तिकीट काढणे नव्हते. जे मी मनात मानतो ते पंक्तीतही मानतो, एवढे जगाला सांगण्याचा तो एकच मार्ग त्या ब्राह्मणापुढे होता. १९१७ साली त्यांना दिसले असावे की पाणी घेतलेल्यांचीही एक वेगळी पंगत झाली आहे, एक नवी जात झाली आहे, आणि बाहेरच्या माणसाला आत येण्यास ती कुंपणासारखी आड येते. कुंपण मोडण्यासाठी घेतलेले पाणी स्वतःच कुंपण झाले, तेव्हा त्यांनी ते बाजूस सारले. ही माझी अटकळ आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर ही अटकळ करावीशी वाटते. गोव्यात तर तिचा पुरावा चारशे वर्षांचा आहे. तेथे पाणी सरसकट पडले आणि बामण, चार्दो, सुदीर हे भेद ख्रिस्ती नावांखाली जिवंत राहिले. डोके भिजले; ताट कोरडेच.

इतके लिहून मी दरबाराच्या बाजूने लेख संपविणार होतो. आमच्याच जिल्ह्यातल्या एका कथेने मला अडविले.

नरसी आमच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि औंढा नागनाथही. नामदेवांची गोष्ट येथल्या पोरासोरांना पाठ असते. संतांचा मेळा बसलेला. गोरोबाकाका थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारतात आणि मडकी भाजली आहेत की कच्ची ते सांगतात. ज्या नामदेवाच्या हातचा नैवेद्य देव खातो, ज्याच्याशी देव बोलतो, तोच कच्चा ठरतो, कारण त्याला गुरू नाही! नामदेव रुसतो, देवाकडे तक्रार नेतो. आणि देव त्याला औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडतो. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावा तर तेथेही पिंड. देवाशी थेट ओळख असणाऱ्यालाही दुसऱ्या माणसाच्या हातून काहीतरी घ्यावेच लागते, असे ही कथा सांगते. बाप्तिस्मा आवश्यक म्हणणाऱ्या एखाद्या पाळकाने ही कथा कधी वापरली आहे की नाही मला ठाऊक नाही, वापरण्यासारखी आहे. नामदेवाला कमी होते ते देवाकडून नव्हते. कमी होते ते माणसांकडून. मेळ्यात बसावयाचे तर मेळ्याने डोक्याला हात लावू दिला पाहिजे, आणि तो हात कुंभाराचा असतो, हे विसरता कामा नये.

दरबाराची उणीव मला येथे दिसू लागली. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ताचे व्हा, असे सांगितले की वरच्या जातीच्या सुशिक्षित माणसाला फार सोपे जाते. तो आपल्या दिवाणखान्यात बसून प्रवचन वाचील, डोळे पुसील आणि संध्याकाळी आपल्याच पंक्तीला जेवील. मद्रासच्या कंदस्वामी चेट्टी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ख्रिस्तावर श्रद्धा असूनही बाप्तिस्मा का घेत नाही, हे उघड मांडले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण असे प्रामाणिक राहणे कोणाला परवडते, हेही पाहावे लागते. १९७० च्या दशकाच्या आरंभी एम. एम. थॉमस आणि बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात याच मुद्द्यावर वाद झाला. हिंदू समाजातच राहून ख्रिस्ताचे होता येईल अशी थॉमस यांची बाजू, आणि दिसेल असा सहवास हवाच अशी न्यूबिगिन यांची. मला वाद्यांपेक्षा लक्ष्मीबाई अधिक उपयोगी पडतात. त्यांच्या मोजमापाने विचारले तर प्रश्न असा होतो: पाणी घेतले नाहीस, ठीक, पण कोणाच्या घागरीतले प्यालास?

आणि तरीही हे मोजमाप सर्वांना लागू पडत नाही. ‘स्मृतिचित्रे’वरचा माझा आक्षेप तो हाच. कोणाच्याही हातचे घेण्यास मी मोकळी झाले, हे म्हणण्यासाठी आधी न घेण्याची चैन असावी लागते. जे नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले, त्यांनी पुढे आमच्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, निजामाच्या मुलखात बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभारली. तेथे महार-मांगांतले लोक पाणी घेऊन आले. त्यांनी कोणाच्या हातचे प्यावे हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. त्यांच्या हातचे कोण पिणार, हा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हे काही सोडणे नव्हते. कोणीतरी डोक्याला हात लावला, नाव विचारले आणि वहीत लिहिले. त्याला केवळ बाह्य विधी म्हणणे हे पोट भरलेल्याने भाकरीला केवळ पीठ म्हणण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंच्या घरी दुष्काळ-प्लेगाच्या दिवसांत अनाथ मुले राहिली, त्यांनी त्यांना वाढविले. त्यांच्या मायेबद्दल प्रश्न नाही. पण ज्यांच्या हातचे त्या पहिल्यांदा प्यायल्या त्या माणसाला त्या क्षणी काय वाटले, हे पुस्तकात नाही. एवढ्या चौकस लेखणीला ते विचारावेसे वाटले नाही, याची मला दर वाचनात चुटपुट लागते.

आज त्या वहीचेच भय झाले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका बाईचा जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, आणि तिचा लहानपणी झालेला बाप्तिस्मा हा तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून लक्षात घेतला. चर्चच्या पंडितांनी जे पाणी सैल करीत आणले ते कायद्याने असे घट्ट केले. परलोकासाठी इच्छा पुरते. इहलोकासाठी नोंदवही लागते. वाळीत टाकणाऱ्या जुन्या शास्त्र्यांनी निदान चहाचा पेला तरी स्वतः डोळ्यांनी पाहिला होता.

भादव्यात तो विद्यार्थी पुन्हा आला, तेव्हा मी त्याला यातले बरेचसे सांगितले. तारण जात नाही, असे बहुतेक चर्चेस आज म्हणतील, हे सांगितले. पण लपून राहिलास तर तुझे काय जाईल ते मी सांगू शकत नाही, आणि उघड झालास तर तुझ्या भावाचे काय जाईल ते तू मला सांगितलेच आहेस, असेही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “टिळकांनी तरी बायकोला कुठं इचारलं होतं?” माझ्यापाशी याला उत्तर नव्हते. मी त्याला माझी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत दिली. पाठीचा पुठ्ठा सुटलेली, समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेली.

ती अद्याप परत आलेली नाही. दसऱ्याला त्याचा फोन आला होता. आईला वाचता येत नाही; सुटीवर गावी आला की रात्री तो तिला वाचून दाखवितो. पुस्तक फारसे पुढे सरकलेले नाही, कारण ती त्याला पुन्हा पुन्हा मागे नेते, त्या मीठ धुण्याच्या जागी. पहिल्या रात्री ती पदर तोंडाला लावून खूप हसली. दुसऱ्या रात्री वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने विचारले, “धुतल्यावर मंग ऱ्हायलं किती?”